बीआरटीएस निघाली, आता सायकलची जागा आखा : इंदूरचे रस्ते आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
इंदूर शहराचे रस्ते आखणारे, मंजूर करणारे आणि बांधणारे सर्व लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि अभियंते

महोदय,

एबी (आग्रा-मुंबई) रोडवरची बीआरटीएस, म्हणजे बससाठी रेलिंग घालून वेगळी काढलेली मार्गिका, काढायला फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि लोखंडी रेलिंग निघायला लागल्या. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंतचा हा साधारण साडेअकरा किलोमीटरचा रस्ता. शहराच्या मधोमध एवढा रुंद रस्ता नव्याने आखायची वेळ पुन्हा लवकर येणार नाही. त्या आखणीबद्दल जे ऐकायला आणि वाचायला मिळते त्यात दुभाजक आहेत, उड्डाणपूल आहेत, रुंद केलेले लेफ्ट टर्न आहेत. सायकलचे नाव मला कुठेच सापडले नाही. डांबर पडण्याआधी बोलायला हवे, म्हणून हे पत्र.

मी लोकमान्य नगरात राहते आणि पलासियाच्या बाजूला एका शाळेत गणित शिकवते. शाळेत सायकलने जाते. महू नाका, कलेक्टोरेट, छावणी, गीता भवन असा माझा रस्ता. माझे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते आणि तेही सायकलनेच कामाला जायचे. मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली, कामगारांना थकबाकी मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला. त्या बत्तीस वर्षांत शहराने असे धरून चालले की मिलचे भोंगे थांबले तशा कामगारांच्या सायकलीही थांबल्या. त्या थांबलेल्या नाहीत. त्यांचे रस्ते तेवढे बदलले.

सकाळी सातच्या सुमाराला मरीमाता चौराह्यावर उभे राहून पाहा. बाणगंगेकडून सांवेर रोडच्या कारखान्यांकडे जाणारी रांग दिसेल. कॅरियरला डबा, हॅन्डलला पाण्याची बाटली. पालद्याकडे जाणारे फिटर, साइटवर जाणारे रंगारी आणि मिस्त्री, रात्रपाळी संपवून उलट दिशेने परतणारे चौकीदार. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात मध्यरात्रीनंतर दुकाने आवरून घरी निघणारे आचारी आणि पोरे, ज्यांच्यासाठी त्या वेळी कुठलीही सिटी बस नसते. ही माणसे रविवारच्या सायकल रॅलीत नसतात, टी-शर्ट घालून फोटोत येत नाहीत. पण शहरातली सायकल म्हणजे मुख्यतः हीच माणसे. 2011 च्या जनगणनेत देशभरात कामावर सायकलने जाणाऱ्यांचे प्रमाण मोटारीने जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले होते. आपण मात्र रस्ते आखतो ते मोटारवाल्याच्या काचेतून पाहून.

याचे एक कारण मोजणीतच आहे. गणिताची शिक्षिका म्हणून मला ते फार खटकते. आपल्याकडे रस्त्याची गरज 'पीसीयू'मध्ये मोजतात, म्हणजे प्रत्येक वाहनाचे मोटारीच्या हिशेबात केलेले रूपांतर. त्यात सायकल अर्धी मोटार ठरते, कधी त्याहूनही कमी. मोटारीत माणूस एकटा बसला असला तरी ती पूर्ण एक. वाहने किती जागा अडवतात हे काढायला हा हिशेब ठीक आहे. माणसे किती जातात हे त्यातून कळत नाही, आणि रस्ता बांधायचा तो माणसांसाठी. केंद्र सरकारच्या 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने हेच सांगितले होते : वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवा, पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना प्राधान्य द्या. धोरणाला वीस वर्षे होत आली.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली बीआरटीएसचीच. 2013 च्या मे महिन्यात आय-बस (बीआरटीएसची बस) धावू लागली तेव्हा या मार्गाच्या आराखड्यात दोन्ही कडांना पदपथ आणि सायकल ट्रॅक होते. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या ज्या शहर-नूतनीकरण योजनेतून पैसा आला, तिची अपेक्षाही तीच होती. बस चालली, वर्षानुवर्षे भरून चालली. सायकल ट्रॅक मात्र पहिल्या काही महिन्यांतच दिसेनासा झाला. तो उखडला कुणीच नाही. आधी त्यावर मोटारी उभ्या राहिल्या, मग ठेले आले, मध्येच विजेची डीपी बसली, कुठे होर्डिंगचा खांब रोवला गेला. चौराहा आला की ट्रॅक संपायचा आणि चौराहा ओलांडल्यावर पन्नास पावलांनी पुन्हा सुरू व्हायचा. ज्या जागी सायकलस्वाराला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, नेमका तिथेच तो उघडा पडायचा. असा ट्रॅक कोण वापरणार? मग म्हटले गेले, 'इंदूरमध्ये सायकल ट्रॅक चालत नाहीत, लोक वापरतच नाहीत.' मी हे वाक्य बैठकांतही ऐकले आहे. ते मला मुळीच मान्य नाही. जो ट्रॅक सलग नव्हता, मोकळा नव्हता आणि ज्याची देखरेख कुणाकडेच नव्हती, तो वापरला गेला नाही याचा दोष सायकल चालवणाऱ्यांवर टाकू नका.

दुसरी तक्रार लेफ्ट टर्नची, आणि तिच्यावर मी थोडी जास्त थांबणार आहे. गेल्या काही वर्षांत चौराह्यामागून चौराह्यावर डावीकडची कड कापून वळण रुंद केले गेले, 'लेफ्ट टर्न फ्री' म्हणून. मोटारींची रांग कमी झाली, वर्तमानपत्रांत कौतुक झाले. सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराचे काय झाले ते मात्र कुणी पाहिले नाही. सायकल नियमाने डाव्या कडेने चालते. चौराहा जवळ आला की तिची डावी कड अचानक वेगाने वळणाऱ्या मोटारींची वाट होऊन जाते. आता सरळ जायचे तर तिला दोन वेगवान रांगांच्या मध्ये येऊन उभे राहावे लागते : उजवीकडे सिग्नलला थांबलेली वाहने, डावीकडे न थांबता वळणारी. कडेला राहिली तर मागून हॉर्न, मध्ये आली तर दोन्हीकडून हॉर्न. मालवाहू टेम्पो किंवा बस वळत असेल तर चालकाला डावीकडची सायकल आरशात दिसतच नाही. मुलांना मी वर्तुळ आणि त्रिज्या शिकवते. वळणाची त्रिज्या वाढवली की वाहन तिथून जास्त वेगाने वळू शकते, हे नववीतले मूलही सांगेल. म्हणजे पायी आणि सायकलने ओलांडणारी माणसे जिथे सर्वांत जास्त असतात, तिथेच आपण वेग वाढवला. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, त्यात पायी चालणारी 32,825. त्यांना चौराह्यावर थांबायला सुरक्षित जागा नसणे ही किरकोळ गैरसोय नव्हे.

तिसरी, जाळ्या. पावसाळी नाल्यावरच्या लोखंडी जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या बसवल्या तर सायकल वरून जाते. रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवल्या तर चाक आत जाते. शाळेजवळच्या अशाच एका उभ्या जाळीत माझ्या वर्गातल्या एका मुलीचे पुढचे चाक अडकले आणि तिचे मनगट मोडले. मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले, तिथून दुसऱ्या कार्यालयात पाठवले गेले, तिथे सांगितले की ही जाळी आमची नाही. जाळी फिरवायला दोन माणसे आणि अर्धा तास लागला असता. ती तशीच आहे. मुलीच्या आईवडिलांनी तिला कमी वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिली, तिला परवाना लागत नाही. मी त्यांना काही म्हणू शकले नाही. शाळेच्या सायकल स्टँडवर आता निम्म्या जागेत या स्कूटर उभ्या असतात आणि शाळा सुटताना बाहेर आयांच्या गाड्यांची कोंडी. मुलांनी चालवणे सोडले नाही, मोठ्यांनी त्यांना भीतीपोटी सोडायला लावले. याच राज्यात सरकार गावांतल्या सहावी-नववीच्या मुलांना शाळेत जायला मोफत सायकल देते. शहरातल्या मुलांना सायकल सरकारने दिली नाही तरी चालेल, फक्त ती चालवता येईल असा रस्ता द्यावा.

दुभाजक लांबत चाललेत आणि मधले कट बंद होत आहेत, हे चौथे. मोटारीला पुढच्या यू-टर्नपर्यंत जाऊन यायला दोन मिनिटे लागतात. लोखंडाचे सामान लादलेल्या सायकलवाल्याला तेवढेच अंतर उन्हात, चढावर पायांनी कापायचे असते. मग तो राँग साइडने येतो आणि आपण त्याला बेशिस्त ठरवतो. भंवरकुआ, फूटी कोठी, खजराना, लवकुश इथे उड्डाणपूल झाले. पुलावर सायकल नेणे धोक्याचे, म्हणून सायकलस्वार खालूनच जाणार, आणि खालची जागा बघता बघता पार्किंग आणि दुकानांनी भरते आहे.

सावलीबद्दल एवढेच सांगते : रुंदीकरणात जी मोठी झाडे जातात, त्यांच्याबरोबर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांचा एप्रिल-मेतला आधारही जातो. एसीत बसणाऱ्याला ते कळायचे कारण नाही.

'जागाच नाही' हे उत्तर मला ठाऊक आहे. नव्या इंदूरबाबत तर ते खरेच नाही. सुपर कॉरिडॉर आणि रिंग रोड यांची रुंदी पाहा. जुन्या शहरासाठी मात्र त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावले होते आणि त्यांनी 1918 मध्ये इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला. जुन्या वस्त्यांमधून सरळसोट रुंद रस्ते पाडायला त्यांचा विरोध होता. घरे शक्य तितकी राखून, लहान लहान दुरुस्त्या करत गल्ल्या सुधाराव्यात, आणि खान व सरस्वती या नद्यांचे काठ लोकांना वावरायला मोकळे करावेत, असे त्यांचे म्हणणे होते. शंभर वर्षांनी आपण बडा गणपतीपासून कृष्णपुऱ्यापर्यंत घरांच्या दर्शनी भिंती कापून रस्ता रुंद केला आणि त्याच्या कडा पुन्हा उभ्या गाड्यांनी भरल्या. मल्हारगंज, रामबाग, नारायण बाग इथल्या गल्ल्या मोटारीला अरुंद पडतात, पण सायकलला अगदी पुरेशा आहेत. तिथे वेगळा ट्रॅक नको. काही गल्ल्यांतून मोटारींची आरपार ये-जा बंद करा, वेग कमी ठेवा, फलक लावा, एवढ्याने सायकलचे जाळे तयार होते. छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या रस्त्यावरून वाहने हटवली तेव्हा दुकानदार घाबरले होते. आज तिथे बसायला जागा मिळत नाही.

नदीकाठचा मार्ग हवा तर जरूर करा, पण फिरायला येणाऱ्यांची सोय म्हणून नव्हे. हैदराबादने 2023 मध्ये बाहेरच्या रिंग रोडलगत सौर छपराखाली 23 किलोमीटरचा सायकल ट्रॅक केला. देखणा आहे, सावली आहे, शिवाय वीजही मिळते. पण माझ्या मते आपल्याला आधी हवा तो असा ट्रॅक नव्हे, कारण कामावर जाणारा माणूस शहराच्या आतून जातो. पुण्याचे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे. एके काळी सायकलींचे शहर म्हणवणारे पुणे, 2017 मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूरही केला. तरी तिथल्या माझ्या नातलगांना कामावर जाताना सलग ट्रॅक मिळत नाही, तुकडे मिळतात. आराखडा मंजूर करणे पुरत नाही, रस्ता खोदणाऱ्या प्रत्येक निविदेत तो उतरावा लागतो.

इंदूरला हे झेपणार नाही असे कुणी म्हणू नये. 2017 पासून 2023 पर्यंतच्या प्रत्येक सर्वेक्षणात आपण स्वच्छतेत देशात पहिले आलो. हा मान एका दिवसाच्या मोहिमेने आला नाही. रोज सकाळी दारात गाडी येते, कचरा वेगळा आहे का हे पाहिले जाते, न केल्यास दंड होतो, म्हणून आला. स्वच्छ वायू सर्वेक्षणातही 2023 मध्ये आपण पहिले होतो. त्याच वर्षीपासून 22 सप्टेंबरला 'नो कार डे' पाळायला सुरुवात झाली आणि त्या दिवशी अनेक मान्यवर सायकलवर दिसले. मला ते मनापासून आवडले. त्या दिवशी त्यांना जो मोकळा रस्ता मिळाला, तसाच एक दोन मीटरचा पट्टा सांवेर रोडच्या कामगाराला वर्षभर मिळावा, एवढेच मी मागते आहे. 31 मे 2025 ला, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला, सुपर कॉरिडॉरवर मेट्रो सुरू झाली. बाईंनी वाटसरूंसाठी विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. मेट्रोच्या स्टेशनवर सायकल सुरक्षित ठेवायची जागा आणि तिथवर पोचायचा ट्रॅक, एवढे तरी त्यांच्या गावात वाटसरूला मिळावे.

माझ्या मागण्या अशा :

1. एबी रोडच्या नव्या आखणीत दोन्ही बाजूंना सलग सायकल ट्रॅक हवा. एकेरी किमान दोन मीटर रुंद, वाहनांच्या रस्त्यापासून उंचीने वेगळा, तोंडाशी असे खुंट की मोटारसायकल आत शिरणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल ट्रॅकसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली आहे, 2015 मध्ये ती सुधारली. निविदेत तिचे पालन बंधनकारक करा. आणि हा ट्रॅक पदपथ कापून करू नका. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने पदपथावरून सुरक्षित चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आहे. जागा काढायची ती गाड्या उभ्या करण्याच्या पट्ट्यातून काढा.

2. ट्रॅक चौराह्यातून आरपार रंगवलेला असावा, सायकलला सिग्नलच्या रेषेपुढे थांबायला जागा असावी आणि जिथे पायी-सायकलची वर्दळ आहे तिथले रुंद लेफ्ट टर्न पुन्हा अरुंद करावेत. निदान तिथे उंचवट्याचे क्रॉसिंग द्यावे.

3. मरीमाता ते सांवेर रोड औद्योगिक क्षेत्र हा पहिल्या टप्प्यातला मार्ग असावा. बागेभोवतीचा किंवा तलावाकाठचा नको. आधी कामगारांचा.

4. मोजणी करताना सकाळी सहापासून करा, वाहनांबरोबर माणसे मोजा आणि आकडे प्रसिद्ध करा.

5. सगळ्या उभ्या जाळ्या आडव्या फिरवा. याला ना योजना लागते, ना केंद्राचा निधी.

6. ट्रॅकवरच्या पार्किंगवर कारवाई करणारे एकच खाते ठरवा आणि तक्रारीसाठी एकच क्रमांक द्या. हवा तर कचऱ्याच्या तक्रारीचाच वापरा, तो लोकांना पाठ आहे. 'ही जाळी आमची नाही' हे उत्तर कुणाही नागरिकाला पुन्हा ऐकावे लागू नये.

7. मेट्रोची स्टेशने, सरकारी कार्यालये आणि शाळा यांना छपराचा, कुलूप लावता येईल असा सायकल स्टँड सक्तीचा करा.

आणि या सगळ्याआधी एक. एबी रोडचा नवा नकाशा, चौराह्यांच्या तपशिलासह, काम सुरू करण्यापूर्वी लोकांसमोर ठेवा. नुसते सुंदर रंगीत चित्र नको, मापे लिहिलेला नकाशा हवा. त्याच्या प्रती झोन कार्यालयांत लावा आणि सूचना द्यायला तीस दिवस द्या. आमच्या शाळेतले पालक, सांवेर रोडवर काम करणारे काही भाऊ आणि मी, आम्ही बसून प्रत्येक चौराह्यावरच्या लेखी सूचना करायला तयार आहोत. मापे तपासायला माझे दहावीचे विद्यार्थीही येतील. नकाशा कधी दाखवणार, ती तारीख आम्हाला कळवा.

आपली,
लोकमान्य नगरची एक शिक्षिका, इंदूर